बाबांची आडवी रेघ

डोळ्यांच्या दवाखान्यातून रुग्णांना निरोप जातात ते मी संगणकाला लिहून दिलेल्या हुकमावरून, म्हणजे क्वेरीवरून, आणि तिचा मला जरा जास्तच अभिमान होता. मोबाईलचा रकाना कोरा असेल तर घरच्या फोनचा बघ, तोही कोरा असेल तर नातेवाइकाचा नंबर घे. एवढं तर गाढवालाही कळेल, असं मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवलंही होतं.

मंगळवारी दुपारी बाबांचा फोन आला. "मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या तारखा सगळ्यांना आल्या. शेजारच्या शिंप्यालासुद्धा! मीच काय तुमचं घोडं मारलंय?"

पाचपर्यंत होकार आला नाही की जागा पुढच्याला, असा आमचा नियम. मग बाबांचा नंबर चार महिन्यांनी. आणि गेल्याच आठवड्यात ते पायरी न दिसून पडता पडता वाचले होते. सव्वाचार वाजले होते.

त्यांची नोंद उघडली. मोबाईल: एक आडवी रेघ. घरचा फोन: आडवी रेघ. यंत्राच्या लेखी कोरं म्हणजे काहीच नसलेलं. रेघ म्हणजे काहीतरी आहे. त्यामुळे माझी हुशार क्वेरी पहिल्याच रकान्यावर थांबली आणि तिने निरोप पाठवला थेट रेघेला. गाढव कोण, ते आता सांगायला नको.

"बाबा, फॉर्मवर रेघा कशाला ओढल्यात?"

"छत्तीस वर्षं नोंदणी कचेरीत काढली, चिमे. जागा रिकामी सोडली की मागाहून कोणीही काहीही घुसडतं. माझ्या हाताखालच्या एकेकाला रेघ ओढायला शिकवलंय मी."

"पण मोबाईल आहे ना तुमच्याकडे? आत्ता त्यावरूनच बोलताय!"

"बोलायला आहे. निरोप वाचता आला असता तर ऑपरेशन कशाला करून घेतलं असतं?"

रेघ दिसली तर ती कोरी समज, असं क्वेरीत घातलं. शोधलं तर अशा रेघा आणखी एकोणीस नोंदींत निघाल्या. बाबांच्या शिष्यांनाही मोतीबिंदू झाले होते, दुसरं काय! नशीब, त्यांच्या तारखांना अजून अवकाश होता.

पाचला सात मिनिटं असताना बाबांचा निरोप सुटला, आणि टेबलावर माझाच मोबाईल वाजला. 'ऑपरेशन परवा सकाळी आठ वाजता. होकार कळवा.' घाईत तिसरा रकाना बघायचं राहूनच गेलं होतं. मी 'हो' पाठवलं आणि चक्क रडले.

मग बाबांना फोन लावून तारीख सांगितली, वर दोन शब्द सुनावलेही. "सरळ नंबर लिहिला असता तर सकाळीच कळलं असतं."

"तूच पहिल्या दोन रकान्यांत अडकून बसलीस," बाबा म्हणाले. "मी तर पहिल्यापासून तुझाच दिला होता."