सोन्याचा सूर

रेडिओवाल्याला आयुष्यभर एकच खोड होती. चालत्या यंत्राला बोट लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. बायको म्हणायची, "तुम्हाला नवं घड्याळ आणून दिलं तरी तुम्ही आधी त्याची पाठ उघडाल." पुढे रेडिओ गेले, दुकान गेलं, बायकोही गेली, खोड तेवढी राहिली.

त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा वारला, त्याला दीड महिना झाला होता. दोन वर्षांच्या आजारपणात माणूस नुसता हाडांचा सापळा झाला होता. बोटं इतकी काटकुळी झाली की लग्नातली अंगठी निसटायची. एक दिवस ती निसटली ती सापडलीच नाही. तेव्हा शोधायची शुद्ध कुणाला होती? सगळं आटोपल्यावर बहिणीनं घर पालथं घातलं. उरलं मागचं अंगण. तिथे तो शेवटपर्यंत उन्हात खुर्ची टाकून बसायचा.

"दादा, शुक्रवारी गवंडी येणार. अंगणात काँक्रीट ओतणार आहे. त्याच्या आधी तुझं ते मशीन फिरव ना एकदा."

मशीन म्हणजे धातू शोधायचं. खाली गोल चकती, मधे दांडा, वर डबी. भंगारातून आणून त्यानं ते चालू केलं होतं. पण त्याला आवाज एकच. खिळा असो नाहीतर दागिना, सारखंच किंचाळायचं. अंगणात तर गंजके खिळे आणि गोळ्यांच्या फाडलेल्या पाकिटांचे चंदेरी तुकडे यांचा खच पडला होता. पावलागणिक बोंब.

"हे मशीन आहे की तुझ्या सासूबाई?" तो वैतागून म्हणाला.

"सासूबाई निदान जेवताना तरी गप्प बसायच्या," बहीण म्हणाली, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा हसली.

ते हसू पाहूनच त्याला चेव आला. म्हणाला, "मला दोन दिवस दे. याला बोलायला शिकवतो."

जुन्या रेडिओंचे भाग त्याच्याकडे पेटीभर होते. एक आठ पायांची चिप, थोडे रेझिस्टर-कपॅसिटर, तळहाताएवढा स्पीकर. दोन दिवस तो तारांना कथलाचे डाग देत बसला. डागातल्या राळेच्या धुरानं डोळे चुरचुरले, पण काम झकास जमलं. लोखंड आलं की भुंग्यासारखा घोगरा आवाज. भारी धातू आला की शिट्टी. आणि चंदेरी पाकिटांचा आवाज त्यानं पार बंदच करून टाकला. त्या कचऱ्याला कोण विचारतो?

शिट्टीचा सूर जुळवायला त्यानं आईच्या वेळचा चांदीचा जाड रुपया घेतला, तांब्याची तार घेतली. बहिणीनं विचारलं होतं, "माझी अंगठी नेतोस का तपासायला? जोडीचीच आहे."

"कशाला? सोनं चांदीपेक्षा भारी. त्याचा सूर चांदीच्या वरच लागणार. एवढी वर्षं काय झक मारली मी?"

गुरुवारी त्यानं सकाळपासून उन्हं कलेपर्यंत अंगण वितीवितीनं पिंजून काढलं. खिळ्यांवर भुंगा गुणगुणला. एक पितळी तोटी निघाली, दोन तांब्याची नाणी निघाली. तिन्ही वेळा खणखणीत शिट्टी वाजली. शेजारपाजारचे कुंपणाशी येऊन बघत होते. म्हातारा खुशीत होता. शेवटी हात झटकून तो सर्वांदेखत म्हणाला, "अंगठी इथे नाही. असती तर वाजलीच असती. लिहून घे."

बहीण म्हणाली, "घरात नाही, अंगणात नाही. मग घरात तिसरं माणूस एकच होतं."

तिसरं माणूस म्हणजे आजाऱ्याला सांभाळणारी बाई. दोन वर्षं तिनं त्याला उठवलं-बसवलं, न्हाऊ घातलं, भरवलं. तो गेल्यावरही ती घरकामाला येत होती. रेडिओवाल्याच्या ओठांवर आलं होतं, अगं, मशीनच आहे, चुकतही असेल. पण आपल्या हातच्या कामाला आपणच कसं नावं ठेवायची? तो वायर गुंडाळत राहिला.

शुक्रवारी लोखंडी जाळी अंथरून काँक्रीट पडलं. शनिवारी बहिणीनं बाईला दारातूनच परत पाठवलं. गल्लीत बोभाटा झाला. बाई आणखी दोन घरी जात होती, त्यांनीही नको म्हणून सांगितलं.

महिन्याभरानं रेडिओवाल्याची मुलगी माहेरी आली. भांडी घासताना तिनं आपली सोन्याची अंगठी काढून त्याच्या टेबलावर ठेवली. मशीन तिथेच चालू होतं. तो ते कुणाला तरी दाखवणार होता. अंगठी चकतीला टेकली होती, आणि मशीन गप्प.

त्यानं अंगठी हातात घेतली, चकतीवरून फिरवली. आडवी, उभी. काहीच नाही. मग त्यानं पाकिटांचा आवाज दाबणारी तार उपटली. मशीन लगेच ओरडलं. कचऱ्यातलं चंदेरी पाकीट घेऊन बघितलं; जवळजवळ तोच आवाज. पातळ सोनं आणि तो कचरा, मशीनच्या लेखी एकाच रांगेतले. किमतीवर सूर लागत नसतो, हे त्याला सत्तराव्या वर्षी कळलं.

"बाबा, काय झालं? बसा बघू आधी."

तो बसला नाही. तसाच बहिणीकडे गेला आणि सगळं सांगितलं. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे अंगणात असेल?"

"असेल. नसेलही. आता जाळीमुळे मशीनला काही कळणार नाही. फोडायचं म्हटलं तर सगळंच फोडावं लागेल."

"आणि बाईला मी काय काय बोलले, दादा."

"चल माझ्याबरोबर."

"अंगठी हातात नसताना कुठल्या तोंडानं जाऊ?" ती आत गेली आणि बाहेर आलीच नाही.

तो एकटाच गेला. बाई ओटा पुसत होती. तिनं खुर्ची पुढे केली, पण स्वतः उभीच राहिली. त्यानं तार, पाकिटं, चांदी, सोनं, सगळं उलगडून सांगितलं. ती ऐकत ओटा पुसत राहिली.

"अंगठी मिळाली?" तिनं शेवटी विचारलं.

"नाही."

"मग मी घेतली नाही हे तरी कशावरून म्हणता, काका?"

तो खुर्चीवरून उठून उभा राहिला.

"दोन वर्षं मी त्या घरात होते. तुम्ही मशीनला विचारलंत. मला कुणी विचारलंच नाही." तिनं फडकं पिळलं. "शेवटच्या आठवड्यात त्यांची अंगठी दोनदा पडली, दोनदा मीच उचलून घातली. ताईंना सांगितलं होतं, दोरा गुंडाळू या. राहून गेलं."

"माझं चुकलं, बाई. त्या दोन्ही घरी जाऊन मी सांगतो."

"सांगा. माझ्यासाठी नको. तुम्हाला झोप लागावी म्हणून सांगा."

उन्हं उतरता उतरता तो पहिल्या घरी पोचला. मालकीणबाईंनी दारातच ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "असेल हो. पण आम्ही आता दुसरी बाई ठेवली ना."

तो जिना उतरला. दुसरं घर समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होतं. कठडा धरून तो एकेक पायरी चढू लागला.