खंदकातला पाटा

पहाट फुटत होती. मी तटावरून खाली पडलो आणि एका माणसाची कवटी फुटली.

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे. माणसाला लोखंड ठाऊक नव्हतं, तेव्हाचा. ओढ्यातून आणून, टोचून टोचून मला सपाट केलं. माझ्यावर एका घराचं धान्य भरडलं जाई. सासू, सून, सासूचा मुलगा आणि दोन लेकरं. वरवंटा घासून माझ्या पोटात खळगा पडला.

"हिच्या हाताला जोर म्हणून नाही," सासू म्हणायची.

"मग बसा तुम्हीच," सून वरवंटा पुढे सरकवायची.

त्या पहाटे वस्तीवर हल्ला झाला. मुलगा वेशीतच पडला. भाला पोटातून आरपार गेला होता. सुनेने लेकरांना रिकाम्या कणगीत दडवलं. तटाला शिडी लागली होती आणि वरून टाकायला दगड उरले नव्हते.

"पाटा उचल!" सासू ओरडली.

"तुम्हाला पेलेल का?"

"पोरगा गेला माझा. आता सगळं पेलेल. धर!"

दोघींनी मला तटावर चढवून ढकललं. शिडी मोडली. तिच्यावरचा माणूस माझ्याखाली मेला. वर पाहिलं तर सासूच्या गळ्यात बाण रुतला होता. मग छपरं पेटली आणि तटाची माती खाली खंदकात माझ्यावर कोसळली. सुनेचं, लेकरांचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही.

हजारो वर्षांनी मला खंदकातून काढलं. वस्तीत माणसं किती होती, हे उत्खनन करणाऱ्या बाई ठरवत होत्या. त्यांचा हिशेब सरळ होता. पाटा सापडला की घर, आणि घरामागे पाच माणसं. आमच्या घरात पाटा सापडला नाही, म्हणून ते गोठा ठरलं.

"पण बाई, त्या गोठ्यात एक घासलेला लांबट दगड मिळालाय," वस्तूंची चित्रं काढणारा म्हणाला.

"खुंटे ठोकायचा असेल."

"याच्या खळग्यात बसवून तर बघू."

"खंदकातल्या दगडादगडाला घर देत बसलास तर वस्तीचं शहर होईल रे!" बाई हसल्या. मग माझ्या खळग्यावरून त्यांनी बोट फिरवलं. "बरं, मागव."

मित्रांनो, जागा रिकामी दिसली म्हणून तिथे कुणी नव्हतंच, असं म्हणू नका. तिथली वस्तू कुठे गेली, ते आधी शोधा.

वरवंट्याची पेटी दूरच्या गोदामात आहे. ती अजून आलेली नाही. नकाशात आमच्या घरावर 'गोठा' असंच लिहिलेलं आहे.