वेशीचा चौथा दगड

रेश्मे, मोबाईल ठेव बाजूला आन् नुसतं ऐक. डिप्लोमा झाल्या झाल्या मी आपल्या गावच्या जुन्या वेशीच्या दुरुस्तीच्या कामावर लागले ना, तिथलंच सांगते. तिथं नियम असा हाय, चांगला दगड हुता तिथंच परत बसवायचा, भुगा झालेला तेवढाच बदलायचा. म्हनून कमान उतरवताना सहादेव नाना पाथरवटांनी दगडादगडावर चुन्यानं नंबर टाकले. नाना लिहिनार मराठीत, आन् माझी यादी इंग्रजीत.

यादीत 8 बाद. मी घाईघाईत ढिगात गेले, आठ दिसला, ट्रॅक्टरवाल्या कानिफनाथला म्हनलं, ने ह्यो. त्यानं नेऊन रतनबाईच्या हिरीवर टाकला, तिला धुन्याला दगड पायजेच हुता.

काल कमान बसवायला घेतली तर चौथा दगडच न्हाई, आन् किडका आठवा तिथंच पडलेला. नाना म्हनले, आता डोळं गेलं, चुकीचा दगड मीच घालवला, उद्यापासून छिन्नी ठेवून देतो. चाळीस वर्षं छिन्नी मारलेला मानूस, रेश्मे. आन् मला तवा लख्ख कळलं, नानांचा ४ मी 8 वाचला हुता! दगड मी न्यायला लावला, हे कानिफनाथबिगर कुनाला म्हाईत न्हवतं. कानिफनाथ तर दोन दिवस भाडं घेऊन पारनेरला गेल्ता.

तरी मी नानांना सांगितलं. नानांनी तळहातावरची तंबाखू झटकली.

"म्हंजी डोळं माझं नीट हायेत, तुझं तपासायला पायजेत," म्हनले, आन् जे हसायला लागले!

मंग दोघं हिरीवर. पुसट ४ अजून दिसत हुता, वर साबनाचा फेस. रतनबाई काय सोडती व्हय?

"दगड ने की, पोरी. पन गोधड्या भिजवल्यात, तेवढ्या धू आन् मग ने."

सात गोधड्या, रेश्मे! मी आपटतीये, नाना काठावर बसून मोजतायत, "ही चौथी, का आठवी गं?" संध्याकाळी बैलगाडीतनं आनलेला दगड कमानीत असा बसला, जसा कधी हाललाच न्हवता. नाना आज सकाळी माझ्याआधी कामावर हजर.

पन माझं नाव कुनीच घेतलं न्हवतं. खरं सांग, तू आसतीस तर काय केलं आसतंस?