पडद्यावरचा पसारा

साहेबांना पसारा खपत नसे. त्यांच्या स्वतःच्या टेबलावर एक पेन आणि एक पाण्याची बाटली, बस्स. कामही बेतानं तेवढंच. खरं काम चालायचं ते काचेपलीकडच्या लांबट खोलीत. तिथे कानाला हेडफोन लावलेल्या बाया दिवसभर म्हाताऱ्यांशी बोलत बसलेल्या असत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात ही कंपनी एक बटण घालते. पडलात, घाबरलात, छातीत कळ आली, की बटण दाबायचं. इकडे कुणाच्या तरी पडद्यावर त्या माणसाची खिडकी उघडते: नाव, पत्ता, दुखणी, घराची किल्ली कुणाकडे. तिकडे पलंगाशेजारी एक डबी असते, तिच्यातून दोन्हीकडचं बोलणं ऐकू येतं.

या बायांमधली सगळ्यात जुनी ती ताई. पाठीमागे तिला मिरची म्हणत. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

खोलीला एक रीत होती, आणि ती ताईनंच लावलेली. ज्याचं काम पुरं झालेलं नाही त्याची खिडकी बंद करायची नाही. शेजारीण किल्ली घेऊन निघाली पण पोचली नाही, अँब्युलन्सला सांगितलं पण आली नाही, आजी म्हणतात बरं वाटतंय पण आवाज काही बरा लागत नाही, अशा सगळ्यांच्या खिडक्या पडद्यावर तशाच उघड्या. पाळी बदलताना कुणी कुणाला काही सांगत नसे, लिहून ठेवणं तर दूरच. येणारीनं खुर्चीत बसायचं आणि जे जे उघडं दिसतंय ते आपलं समजायचं. सासूनं ओट्यावर पातेलं उघडं ठेवलं की सुनेला कळतं, यात अजून काहीतरी पडायचंय. त्याला चिठ्ठी लागत नाही.

आणि गप्प खिडकी सगळ्यात वाईट, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक. जो ओरडतोय तो निदान ओरडतोय. बोलता बोलता जो थांबला, त्याच्यावरून नजर काढायची नाही.

आता अशा खोलीत माणसानं काय आणावं? तर जिच्यात हालचाल नाही ती खिडकी आपोआप झाकून टाकणारं सॉफ्टवेअर. देवा रे. त्याचं नाव काहीतरी गुळगुळीत होतं, बायांनी त्याला झाडू म्हणायला सुरुवात केली. हालचाल म्हणजे काय, तर इकडच्या बाईनं माउसचा बाण फिरवला, बटण दाबलं, तरच हालचाल. तिकडे माणूस बोलतोय ही झाडूच्या लेखी हालचालच नाही. शिवाय खिडकी झाकली की तिचा आवाजही बंद. डोळ्यांना आराम दिला, तर कानांना का नको?

"तुमचे पडदे बघवत नाहीत," साहेब त्या सकाळी म्हणाले. "परवा पाहुणे आले तर मलाच लाज वाटली. आता ज्याला कुणी हात लावत नाही ते आपोआप बाजूला जाईल. कसं शांत वाटेल."

"साहेब, इथे जे शांत असतं त्याचीच भीती असते," ताई म्हणाली.

"ताई, तुम्हाला नवीन काही आलं की पोटात दुखतं."

ताईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. पण तेवढ्यात तिच्या पडद्यावर एक खिडकी उघडली आणि ती तिकडे वळली. झाडू कधीपासून चालू, कसा चालतो, काय झाकतो, कुठे ठेवतो, हे सांगायला त्या दिवशी कुणी आलं नाही, नंतरही आलं नाही.

दुपारी सलूनवाल्या काकांची खिडकी उघडली. काकांनी सगळा जन्म लोकांचे केस कापण्यात घालवला होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही.

"पोरी, जरा घसरलोय. पलंग आणि भिंतीच्या मधे बसलोय. बाकी काही नाही, नुसतं उठता येत नाही."

"अँब्युलन्स पाठवते, काका."

"एवढ्याशासाठी? गल्लीत हसं करशील माझं. शेजारणीकडे किल्ली आहे, तिला सांग. ती हात देईल."

शेजारीण कामावर होती. निघतेच म्हणाली. ताई काकांशी गप्पा मारत बसली, मधूनमधून पायाला मुंग्या येतात का, चक्कर येते का, असं विचारत. तिची पाळी संपली तरी शेजारीण पोचली नव्हती. निघताना ताई म्हणाली, "काका, लाईन चालूच आहे. तुम्ही खुशाल बोला. ती येईपर्यंत मी इथेच आहे."

खोटं नव्हती बोलली. त्या खोलीत 'मी' म्हणजे त्या खुर्चीत बसलेली बाई, मग ती कुणीही असो. आपल्याला सांभाळणारी माणसं बदलतात हे म्हाताऱ्यांना कशाला कळू द्यायचं? काकांची खिडकी पडद्याच्या मधोमध उघडी ठेवून ताई उठली. दारात तिला नवी भेटली. नवी म्हणजे अलीकडेच कामाला लागलेली पोर, हुशार, पण साहेबांचा आवाज चढला की पाणी पाणी होणारी. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. नवीनं हात धुतले, केस बांधले, हेडफोन चढवला आणि ती खुर्चीत बसली तेव्हा पडदा साबणानं धुतल्यासारखा लख्ख होता. तिला बरं वाटलं. ताईनं आज सगळं उरकून ठेवलंय, असं तिच्या मनात आलं.

शेजारीण कामावर अडकली. तिला वाटलं, गरज असती तर परत फोन आला असता. फोन करणार कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन ती काकांकडे गेली, तेव्हा काका त्याच फटीत होते. खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ फुटलेले, घसा पार बसलेला.

मग व्हायचं ते झालं. साहेबांनी सगळ्यांसमोर नवीला उभं केलं.

"पडद्यावर लक्ष नको ठेवायला?"

"साहेब, पडद्यावर काहीच नव्हतं," नवी रडत म्हणाली.

"नव्हतं कसं? सॉफ्टवेअर काही बंद करत नाही, फक्त बाजूला ठेवतं. खाली कडेला बाण नेला की सगळं दिसतं. नेला होतास?"

ताई उठली. तळपायाची आग मस्तकात गेली होती. "काय शोधायला नेणार होती? जे आहे हेच माहीत नाही, ते शोधायचं कसं? तुम्ही रोज सकाळी घरच्या पलंगाखाली बघता का, कुणी पडलंय का म्हणून?"

"ताई, आवाज खाली."

"आवाज तुमच्या झाडूनं खाली केलाय, साहेब. म्हातारा अख्खी रात्र तिथे पडून होता."

साहेबांनी चौकशी बसवली. म्हणजे नवीला घरी बसवलं, आणि झाडूला खोलीतच ठेवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात साहेबांचा हात धरणारा कुणी नव्हता. ताई रोज पाळीवर आली की आधी खाली कडेला बाण नेई आणि झाकलेली एकेक खिडकी उपसून वर आणी. तोंडानं शिव्या चालू असत, आणि हेडफोनचा माईक चालू असेल तर तो बंद करण्याचंही भान तिला राहत नसे. ती एका खिडकीशी बोलायला लागली की बाकीच्या पुन्हा झाकल्या जात. दळण दळावं आणि पीठ कुत्र्यानं खावं, असं चाललेलं.

आणि मग हॉस्पिटलातून निरोप आला. सलूनवाल्या काकांना कंपनीचे आभार मानायचे होते.

साहेबांचा चेहरा कसा फुलला म्हणता. त्यांनी ताईला गाडीत बसवलं आणि वाटेत सगळं समजावून सांगितलं. काका म्हणतात, तुमची बाई शेवटपर्यंत माझ्याबरोबर होती. एवढं त्यांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं की चौकशी मिटली. नवी उद्यापासून कामावर. सॉफ्टवेअरही राहिलं, पुढच्या महिन्यात बाकीच्या शाखांतही बसेल. "तुम्हाला काही बोलायचं नाही, ताई. नुसतं हसायचं."

ताईनं हात घट्ट आवळून मांडीवर ठेवले होते. सकाळीच नवीचा फोन येऊन गेला होता. "ताई, पाया पडते, काही बोलू नका. घरात मी एकटीच कमावती आहे."

वॉर्डात काका उशीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, पण भांग सरळ. ताईचा आवाज ऐकताच त्यांनी दोन्ही हातांनी तिचा हात धरला.

"तूच ती. ये, बस इथे. अगं, तू ऐकत होतीस म्हणून मी तग धरला. नाहीतर अंधार पडल्यावर माझं काही खरं नव्हतं."

"बघा," साहेब हळूच म्हणाले.

"आधी बोललीस, मग गप्प झालीस. मला त्याचं काही वाटलं नाही," काका सांगत होते. "आमच्या धंद्यात हे रोजचंच. तोंडाला साबण लावला की गिऱ्हाईक बोलेल कसं? डोळे मिटून पडलेलं असतं. पण ऐकत असतं. मधेच थांबलो तर एक डोळा उघडतं, पुढे काय झालं म्हणून. मी म्हटलं, ही पोर तशीच आहे. कामात असेल, पण ऐकतेय. म्हणून बोलत राहिलो. घसा बसेपर्यंत बोललो. परत बटण दाबायचं मनातसुद्धा आलं नाही. तू तिथे होतीस ना, मग कशाला दाबू?"

तेवढ्यासाठी म्हातारा रात्रभर पडून राहिला होता. बटण गळ्यात होतं. एकदा दाबलं असतं तरी नवीच्या पडद्यावर पुन्हा खिडकी उघडली असती. ते त्यानं दाबलं नाही, कारण ताई म्हणाली होती मी इथेच आहे, आणि त्यानं तिचा शब्द धरून ठेवला होता.

"काका, हेच सगळ्यांना सांगायचंय," साहेब पुढे झाले. "आमच्या माणसांनी तुमची साथ सोडली नाही, एवढंच."

ताईनं साहेबांकडे पाहिलं, मग काकांकडे. म्हाताऱ्याच्या तोंडावर केवढं समाधान होतं. ते तसंच राहू द्यावं, नवीला तिची खुर्ची मिळू द्यावी, आपण हसावं आणि घरी जावं. कुणाचं काय बिघडणार होतं? पुढच्या महिन्यात दुसऱ्या शाखेतला दुसरा कुणी म्हातारा पलंगाच्या फटीत बसून बोलत राहील, त्याचं. तो कुणाला सांगणार?

"काका," ती म्हणाली, "कुणी ऐकत नव्हतं."

"ताई." साहेबांचा आवाज चिरकला.

"माझी पाळी संपली होती. मी घरी गेले होते. यांनी एक सॉफ्टवेअर बसवलंय, त्यानं तुमची खिडकी झाकली आणि आवाज बंद केला. माझ्या जागी जी पोर बसली तिला तुम्ही आहात हेच दिसलं नाही. तिची चूक नाही. तुम्ही बोलत होतात आणि खोलीत तुमचा एक शब्दही येत नव्हता."

काकांनी तिचा हात सोडला नाही.

"रात्री? मी बायकोचं बोललो तेव्हा?"

"नाही, काका."

"तिच्या शेवटच्या दिवसांचं. मी तिला काय बोललो होतो ते."

"कुणीच नाही ऐकलं."

"कुठेतरी टेपवर भरून ठेवलं असेल. हल्ली सगळं भरून ठेवतात."

"आवाज बंद झाला की भरणंही बंद होतं, काका."

म्हाताऱ्यानं आता हात सोडला. पलीकडच्या खाटेवरचा माणूसही कण्हायचा थांबून इकडे बघायला लागला होता. साहेबांना ते काही सोसेना. ते खाटेजवळ खुर्ची ओढून बसले आणि चेहऱ्यावर जमेल तेवढी माया आणून म्हणाले, "काका, एवढंच ना? आता सांगा की. आम्ही बसतो, सगळं ऐकतो. अगदी पहिल्यापासून."

काका त्यांच्याकडे वळले. बसलेल्या घशातून आवाज मोठा निघत नव्हता.

"साहेब, ती गेल्यापासून ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. त्या रात्री वाटलं, आपण मरतोय. म्हणून सांगितली. आता तुम्ही म्हणता म्हणून परत मरायला बसू का?"

साहेब खुर्चीतून उठले. ताई उठली नाही. ती काहीतरी म्हणणार होती, पण काकांनी चादर छातीवर ओढून घेतली.

"तूही जा, पोरी," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.