दोन पर्यायांतला सोपा

डेअरीत दूध तापवायच्या विभागात नवं सॉफ्टवेअर बसवायला मी गेले, तेव्हा पाळीवर माझा थोरला भाऊच होता. पडद्यावर प्रश्न आला: मांडणी कोणती हवी, सुरक्षित की साधी? सुरक्षित घेतली तर ज्याने त्याने आपापल्या नावाने आत शिरायचं, म्हणजे कोणी काय बदललं त्याची नोंद राहते. साधीत सगळ्यांना मिळून एकच नाव, ‘ऑपरेटर’.

मी सुरक्षितकडे वळले, तोच दादा मागून म्हणाला, "अगं ए शहाणे, दर वेळी ओले हातमोजे काढून पासवर्ड टाकत बसू? तोवर माझं दूध उतू जाईल!"

"दादा, हे नंतर बदलता येत नाही. सगळं काढून पुन्हा बसवावं लागतं."

"मग नको बदलूस. इथे परकं कोण आहे?"

त्याच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. म्हटलं, तेवढाच भावाला आराम. साधी घेतली.

चार महिन्यांनी कोणीतरी तापमान सात अंशांनी उतरवलं आणि टाकीभर दूध ओतून द्यावं लागलं. नोंदीत नाव होतं ऑपरेटर. पाळीवर दादा. डेअरीच्या साहेबांनी चौकशीला मलाही बोलावलं.

"साहेब," मी म्हणाले, "तापमान ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरूनही बदलता येतं. तिथून बदललं तरी नाव ऑपरेटरच पडतं. दादानेच केलं, असं यावरून म्हणता येत नाही."

ऑफिसात तसा कॉम्प्युटर एकच होता, साहेबांच्या टेबलावर. साहेब चष्मा पुसत राहिले. दादाने इतक्या वेळात पहिल्यांदा मान वर केली.

"ही मांडणी निवडली कोणी?" साहेबांनी विचारलं.

"मी."

"स्वतःच्या मनाने?"

खोटं बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. सकाळी देवापुढे हात जोडून तो नव्याने धरते, आजवर मोडलेला नाही. दादा माझ्याकडे बघत जेमतेम मान हलवत होता. नको, नको.

"दादा म्हणाला होता," मी सांगितलं.

"बघा," साहेब कारकुनाकडे वळले, "नोंदच राहू नये अशी सोय यांनी आधीच करून घेतली होती. लिहा."

"अहो, हातमोज्यांसाठी म्हणाला होता तो!"

"लिहिलंत का?" साहेबांनी कारकुनाला विचारलं.

दादाला त्याच आठवड्यात कामावरून काढलं. मी घरी गेले, तर वहिनीने दार अर्धंच उघडलं. आत ये म्हणाली नाही.

"कोण आहे गं?" आतून दादा.

"तुमची सत्यवादी बहीण."

तो दारापर्यंत आला. आवाज चढवला नाही त्याने. "खरंच बोलायचं होतं, तर तो कॉम्प्युटर साहेबांचा आहे, हेही खरंच होतं की. ते का नाही बोललीस?"

ते मला कोणी विचारलं नव्हतं, एवढंच माझ्या तोंडाशी आलं.