मास्तरांच्या गाडीचं ॲव्हरेज

“थांब! शून्य दिसलं नाही मला.”

पंपावरच्या बाईने टाकीच्या तोंडाशी आणलेलं नोझल मागे घेतलं. बारा महिने डोक्यावर निळी टोपी, म्हणून सगळे तिला टोपीवाली म्हणतात. “काका, शून्यच आहे. बघा ना.”

“आत्ता आहे. मी गाडीतून उतरेपर्यंत काय होतं?”

“तेव्हाही शून्यच होतं.”

“ते तू सांगणारच!”

मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. ह्यांनी त्याच्याकडेही डोळे बारीक करून पाहिलं, तोही तिला सामील असल्यासारखं. मी गाडीच्या पलीकडे उभी होते आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

हे म्हणजे माझे यजमान. गावाला ते मास्तर म्हणून माहीत. जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटवर बसायचे, पायाखाली त्यांचा वेगळा क्लच, वेगळा ब्रेक. निम्म्या गावाने ह्यांच्या शिव्या खाऊन लायसन्स काढलंय. आमची लेकही त्यातलीच. मी मात्र नाही. “घरात एक ड्रायव्हर पुरे,” म्हणाले, आणि मलाही हौस नव्हतीच.

पंपावर गाडी न्यायची म्हणजे ह्यांचं एक कर्मकांडच. इंजिन बंद. मोबाइल गाडीतच. खाली उतरलं की आधी दाराच्या पत्र्याला हात लावायचा, अंगातली वीज उतरवायची, मगच टाकीचं झाकण. शेजारच्या रांगेत कुणी सिगारेट काढली की ह्यांचा आवाज असा चढायचा की तो माणूस लायटरसकट पळ काढायचा. नोझल टक करून थांबलं की बस, वर एक थेंब घालू द्यायचे नाहीत. “टाकीला श्वास घ्यायला जागा लागते,” म्हणायचे. मग गाडीतला किलोमीटरचा मीटर शून्यावर आणायचा. एका टकपासून पुढच्या टकपर्यंत किती किलोमीटर झाले आणि किती लिटर बसलं, यावरून गाडीचं ॲव्हरेज. हिशेब तोंडपाठ.

शाळा बंद केल्यावर लेकीने हट्टाने ह्यांना क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी गाडी घ्यायला लावली. जुनीच होती, पण अठराचं ॲव्हरेज द्यायची. ह्या वर्षी ते घसरायला लागलं. सोळा, चौदा, आणि मग बारा.

तेव्हापासून आमच्या घरात सुख म्हणून राहिलं नाही.

पहिला संशय खालच्या मजल्यावरच्या दाढीवाल्यावर. तो म्हणे रात्री नळी घालून पेट्रोल काढतो. का, तर त्याने एकदा “काय मास्तर, टाकी फुल्ल?” असं हसून विचारलं होतं. ह्यांनी टाकीच्या झाकणावर माझ्या डोक्यातला एक केस डिंकाने चिकटवला. सकाळी जाऊन बघायचे. केस जागच्या जागी. तर म्हणाले, “हुशार आहे. परत चिकटवून जातो.”

मग जावई. तो बिचारा एकदाच गाडी घेऊन गेला होता, तीही धुऊन परत आणली. ह्यांना धुण्याचाच संशय आला. “एवढी लपवण्यासारखी घाण कुठली?”

मग गॅरेजवाला. तो म्हणाला, “मास्तर, ब्रेकचे पॅड पार गेलेत. सहा महिन्यांपूर्वीच तर घातले होते.” ह्यांनी तिथल्या तिथे त्याला झाडलं. “पॅड विकायचा धंदा माझ्यापुढे नको! जन्मात मी ब्रेकवर पाय टेकवून गाडी चालवली नाही, आणि शिकवली नाही.”

मग डिकी रिकामी केली. वजन वाढलं की गाडी पेट्रोल जास्त पिते. माझी छत्री गेली, उशी गेली, फिरायला जाताना लागणारी चटई गेली. टायरमधली हवा दर दोन दिवसांनी मोजून झाली. एवढं करून एक दिवस माझ्याकडे बघत राहिले.

“काय?” मी म्हटलं.

“काही नाही. तू वजन केलंस का एवढ्यात?”

“अहो, मी गाडीत नसले की किती देते?”

“बाराच.”

“मग मुकाट्याने जेवा.”

हसण्यावारी नेत होते मी. पण शेवटी ती सुई टोपीवालीवर येऊन थांबली, आणि हसू आटलं.

त्या दिवशी पंपावर ह्यांनी पाच लिटरचं माप मागवलं. मॅनेजर आतून ते घेऊन आला, पितळी, मानेवर रेघ असलेलं. टोपीवालीने सगळ्यांसमोर त्यात पेट्रोल सोडलं. बरोबर रेघेवर. एक थेंब इकडे नाही, एक थेंब तिकडे नाही. मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटलो बाई.

ह्यांनी माप उचलून उन्हात धरलं, गोल फिरवलं. “माप तुमचंच ना?”

“मास्तर, सरकारी शिक्का आहे त्यावर,” मॅनेजर म्हणाला.

“शिक्के मीही पाहिलेत. ही माझ्या गाडीच्या वेळेला हात मारते. मी हिची वर तक्रार करणार.”

माणसं जमली होती. मॅनेजर कावला. धंद्याच्या वेळेला तमाशा कुणाला हवा असतो? तो टोपीवालीला म्हणाला, “उद्यापासून हवेच्या मशीनवर बस. मास्तरांनी वर तक्रार केली तर मला तुला ठेवता येणार नाही. आधीच सांगतो.”

तिने हातातलं नोझल नीट जागेवर अडकवलं. मी गाडीत बसत होते तेव्हा खिडकीशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, “काकू, घरात मी एकटीच कमावते. आई अंथरुणाला आहे. तुम्ही बघा ना काकांना सांगून.”

“सांगते,” म्हटलं. पण ह्यांना सांगणार कोण? वाटेत तोंड उघडलं तर म्हणाले, “तुलाही गुंडाळलं का तिने?”

त्याच आठवड्यात माझ्या मनात वेगळीच पाल चुकचुकली. हे रोज दुपारी जेवण झालं की गाडी काढायचे. “जरा जाऊन येतो.” कुठे? “इथेच.” परत यायला चांगला वेळ लागायचा. आले की दमलेले, गप्प. मी म्हटलं, जगावर संशय घेणारा माणूस स्वतः कुठे जातो ते कुणी विचारलंय का? पेट्रोल कुठे जातं ते ह्यांना माहीत नाही, पण हे कुठे जातात ते मला तरी कुठे माहीत होतं! ह्या वयात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते सांगत नाही. लाज वाटते.

लेकीला फोन केला. ती आधी पोट धरधरून हसली. मग म्हणाली, “आई, तू बाबांचा पाठलाग करणार?”

“मी कशाला? तू करणार. मी नुसती बसणार.”

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. आम्ही कोपऱ्यावर तिच्या गाडीत थांबलो. हे निघाले. बाजार मागे टाकला, दवाखाना मागे टाकला, आणि कारखान्याच्या लांबलचक भिंतीला लागून जो सरळ रस्ता जातो तिकडे वळले. दुपारचं तिथे चिटपाखरू नसतं. खिडक्या बंद, वेग एकच, ना कमी ना जास्त. भिंत संपली की वळायचे आणि परत तोच रस्ता.

“आई, बाबा टेस्ट घेतायत,” लेक म्हणाली. “ॲव्हरेजची! पेट्रोल कुठे जातं ते शोधायला रोज पेट्रोल जाळतायत.”

मला इतकं हसू आलं, आणि इतकं बरं वाटलं! म्हटलं, चल घरी, चहा करते. पण लेक हसत नव्हती. पुढे बघत होती.

“आई, ते दिवे बघ.”

“कुठले?”

“मागचे. लाल.”

रस्ता मोकळा. पुढे गाडी नाही, माणूस नाही, कुत्रं नाही. आणि ह्यांच्या गाडीचे मागचे दोन्ही लाल दिवे लागलेले. मला वाटलं, आता विझतील. भिंत अर्धी झाली, दिवे लागलेलेच. भिंत संपली, तरी लागलेलेच.

“ब्रेकवर पाय आहे,” लेक म्हणाली. “एका पायाने गाडी पळवतायत आणि दुसरा ब्रेकवर. सारखा.”

“बाबा? तुझे बाबा?”

“डावा पाय. जन्मभर क्लचवर होता ना तो. इथे क्लच नाही, मग तो शेजारच्या पेडलवर जाऊन बसतो.”

“अगं, पण त्यांना कळणार नाही का?”

विचारता विचारताच मला एकदम त्यांची चप्पल आठवली. डाव्या पायातली. गेले कित्येक महिने ती घरभर कुठेही सापडायची, कधी जिन्यात, कधी बाथरूमच्या दारात. मी ओरडायचे, हे म्हणायचे, “कुणी काढली?” साखरेचा त्रास जुना. पूर्वी सांगायचे, पायाला मुंग्या येतात. मग सांगायचे बंद झाले. मुंग्या थांबल्या म्हणजे पाय बरा झाला, असंच आम्ही दोघं धरून चाललो होतो. डॉक्टरने पाय दाखवून जा म्हणून निरोप ठेवला होता, तर हे म्हणाले, त्याला फी हवी असेल.

पेट्रोल गेलं तर गेलं. पण ज्या बधिर पायाला निघालेली चप्पल कळत नाही, पेडल कळत नाही, तो पाय घेऊन हा माणूस रस्त्यावर होता.

सांगायचं कसं? माझ्यावर विश्वास ठेवला नसता, लेकीवर तर नाहीच. शेवटी लेकच म्हणाली, “त्यांच्याच पद्धतीने.”

सकाळी ती आली. हे खाली पार्किंगमध्ये टायर बघत होते. पार्किंगमध्ये दिवसाही अंधारच असतो.

“बाबा, तुमचा मागचा एक दिवा गेल्यासारखा वाटतोय. बसा ना आत, मी मागून बघते.”

हे लगेच बसले. हे काम त्यांनी शाळेच्या गाडीत रोज सकाळी केलेलं. एकाने आत ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून सांगायचं. मी गाडीच्या मागच्या भिंतीशी उभी राहिले.

“दाबा.”

भिंत लाल झाली.

“दोन्ही लागतायत. सोडा आता.”

“सोडला.”

भिंत लालच.

“बाबा, सोडा.”

“सोडला म्हटलं ना! ऐकू येत नाही का तुला?”

ह्यांनी आरशात पाहिलं असणार, कारण मान एकदम वळली. मागच्या काचेतून ते भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर लाल उजेड होता आणि त्यात माझी सावली. मग त्यांनी खाली वाकून पाहिलं. दोन्ही हातांनी डावी मांडी धरली आणि पाय उचलून बाजूला ठेवला, एखादी पिशवी उचलून ठेवावी तसा.

भिंत काळी झाली.

बराच वेळ ते उतरलेच नाहीत. मला रडू फुटत होतं, पण मी पदर तोंडात धरून तशीच उभी राहिले. मग दार उघडलं. ते उतरले, किल्ली लेकीच्या हातात दिली आणि गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले. जन्मभर बसले होते त्याच बाजूला. फक्त तिथे आता ब्रेक नव्हता.

“दवाखान्यात जायचं ना?” लेकीने विचारलं.

“आधी पंपावर.”

पंपावर टोपीवाली हवेच्या मशीनपाशी स्टुलावर बसली होती. आमची गाडी बघून तिचा चेहरा पडला. ती उठून उभी राहिली. मॅनेजर लगबगीने बाहेर आला. ह्यांनी दार उघडलं, उतरले, सवयीने पत्र्याला हात लावला, आणि ताठ चालत रांगेच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

“त्या दिवशी मी इथे हिला चोर म्हणालो,” ह्यांचा तो शिकवायचा आवाज, शेवटच्या गाडीपर्यंत पोहोचणारा. “तेव्हा ऐकायला माणसं होती, आजही आहेत. ऐका. माप बरोबर होतं. बाई बरोबर होती. माझा पाय ब्रेकवर असायचा आणि मला कळायचं नाही. चूक माझी. हिला परत नोझल द्या.”

रांगेतल्या एका टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं. कुणी हसलं नाही. आणि मी मात्र ह्यांच्या पायांकडे बघत होते. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय तसाच, सिमेंटवर, अनवाणी. डावी चप्पल गाडीतच राहिली होती. आमच्या मास्तरांनी भर पंपावर अनवाणी माफी मागितली, आणि त्यांना त्यातलं अर्धंच माहीत होतं.

टोपीवालीने तो पाय पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. “राहू द्या काका,” एवढंच म्हणाली, आणि त्यांच्याबरोबर गाडीच्या दारापर्यंत आली, थोडी पुढे, वाटेतला एक खडा पायाने बाजूला सारत.

हे सीटवर बसले, पाय अजून बाहेरच. तेव्हा त्यांना तो दिसला. मी चप्पल पायापुढे ठेवली.

“ही कधी निघाली?”

“आत्ताच,” मी म्हटलं. “बसताना.”

ह्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. पंपाच्या आकड्याकडे बघायचे तसं. मला वाटलं, आता विचारतील, नक्की? पण नाही विचारलं. हाताने पाय धरून चप्पल घातली, सीटचा पट्टा लावला आणि लेकीला म्हणाले, “चल. घाई नको. आधी आरसा बघ.”