रंगवलेली भोके

बार्टल गेराटीने पत्र्याचा चौकोन खऱ्या भोकावर लावून पाहिला, मग तोच दीड हात उजवीकडे सरकवला आणि कडेने खडूची रेघ मारली. आत काळा रंग भरला की लांबून बघणाऱ्याला तिथेही भोक दिसणार होते.

"किती झाली?" फोरमन क्वर्कने विचारले.

"चार. अजून आठ."

"आटप बाबा. कप्तान दर पाच मिनिटांनी घड्याळ काढतोय. घड्याळ झिजायचं त्याचं."

ईस्टरच्या सोमवारपासून डब्लिनमध्ये इंग्रज सरकारविरुद्ध बंदुका चालू होत्या. गावातलीच पोरे गिरण्यांच्या, दुकानांच्या वरच्या खिडक्यांत ठाण मांडून बसली होती आणि रस्त्यावर दिसेल त्या सरकारी शिपायाला टिपत होती. मंगळवारी सकाळी कप्तान दारूभट्टीची पाच टनी लॉरी घेऊन रेल्वेच्या कारखान्यात आला आणि म्हणाला, हिला चिलखत घाला, उद्या दुपारपर्यंत. बॉयलरवाल्यांनी रात्रंदिवस खपून जुन्या इंजिनांची धुराड्याखालची लोखंडी पिंपे काढली आणि लॉरीवर ओळीने आडवी बसवली. आत वीस शिपाई मावत. बंदुकीची नळी बाहेर काढायला दोन्ही बाजूंना चार चार भोके पाडली. पण भोक म्हटले की समोरच्याला नेम धरायला जागा झाली. म्हणून खोटी भोके रंगवायची, आणि रंगवायची कुणी, तर एकतीस वर्षे इंजिनांवर आकडे काढणाऱ्या बार्टलने.

त्याचा मुलगा मॅट सोमवारी सकाळी बंदूक घेऊन घराबाहेर पडला होता तो आलाच नव्हता. आणि लॉरीच्या चाकामागे सरकारी खाकीत बसला होता जेम, त्याचा जावई, लेक नॅनचा नवरा. फ्रान्समध्ये मांडीला गोळी लागून सुटीवर आलेला. फौजेत जाण्याआधी हीच लॉरी तो दारूच्या पिंपांनी भरून गावभर फिरवायचा, म्हणून बराकीतून नेमका त्यालाच उचलला होता.

जेम चहाचा डबा घेऊन खाली उतरला. आधी बार्टलला दिला, मग स्वतः प्यायला.

"मॅटचं काही कळलं, बाबा?"

"कोण सांगणार?"

"नॅन म्हणत होती, कालव्याच्या पुलाजवळच्या गिरणीत बघितला कुणीतरी. वरच्या मजल्यावर."

"आणि ही लॉरी कुठं चाललीय?"

जेमने डब्याच्या तळाशी पाहिले.

"तिकडंच."

बार्टलने कुंचला रंगाच्या डब्याच्या कडेला पुसला, पुन्हा पुसला. मॅटइतका नेमबाज त्या पोरांत दुसरा नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होते. जत्रेतल्या नेमबाजीच्या पालवाल्याने त्याला दोन वर्षांपूर्वीच हात जोडले होते.

बारा भोके काळी झाल्यावर कप्तान वीस पावले मागे गेला आणि डोळे बारीक करून पाहू लागला.

"ही मेलेली दिसतात," तो म्हणाला. "डाग पडल्यासारखी. खरी कुठली ते माझी आजीसुद्धा सांगेल."

त्याचे खरे होते. खऱ्या भोकाला लोखंडाची जाडी असते, तिच्या कडेवर उजेड अडतो. त्यावरचा उपाय बार्टलच्या हातात होता: डाव्या आणि खालच्या कडेने केसाइतकी पांढरी रेघ ओढायची. इंजिनावरचे आकडे तो अशाच रेघेने उठावाचे करी, आणि शेवटाला ती रेघ किंचित वर उचलली जाई. ती त्याच्या मनगटाची सवय होती. मॅटने दोन वर्षे त्याच्या हाताखाली रंग भरला होता. फलाटाच्या पार टोकाला उभे असलेले इंजिन पाहून तो सांगे, हा आकडा आपल्या म्हाताऱ्याचा.

म्हणजे रेघ काढली तर मॅटला खोटी भोके क्षणात ओळखू येणार, आणि त्या बाजूची उरलेली चार खरी. नाही काढली तर गिरणीतल्या कुठल्याही पोराला ओळखू येणार. शिवाय त्याच भोकांतून शिपाई मॅटवर गोळ्या झाडणार होते. इकडे आड, तिकडे विहीर. बार्टलला मॅट आणि जेम दोघांचाही असा राग आला की समोर उभे करून एकेक कानाखाली ठेवून द्यावी.

त्याने बारीक कुंचला काढला. बाराही खोट्या भोकांना रेघ ओढली. मग तो खऱ्या भोकाशी गेला आणि त्याच्याही कडेने तशीच रेघ ओढू लागला.

"अरे, ते खरं आहे," क्वर्क म्हणाला. "खऱ्याला कशाला नटवतोस?"

"ताजं कापलेलं लोखंड आहे. उन्हात लकाकतंय. सगळी एकसारखी दिसली पाहिजेत."

कप्तानाला ते पटले. त्याने बार्टलला एक सिगारेट देऊ केली. बार्टलने ती घेतली आणि कानामागे खोचली.

दोन्ही बाजू मिळून आठ खऱ्या भोकांभोवती त्याने रेघ ओढली. घाईचे काम असूनही त्याने प्रत्येक रेघेचा शेवट नीट वर उचलला.

गुरुवारी दुपारी लॉरी परत आली. टायर फाटला होता, पुढचा दिवा गेला होता. जेम लंगडत उतरला तेव्हा बार्टलने त्याला नखशिखांत पाहिले, मग पिंपांकडे गेला.

डाव्या बाजूला गोळ्यांचे पोचे होते. त्याने मोजले. चौदा. एकही भोकात नव्हता, खऱ्या नाही आणि खोट्याही नाही. चौदाच्या चौदा दोन भोकांच्या बरोबर मधोमध. त्याने एका पोच्यापासून दोन्हीकडे वीत टाकून पाहिली. वीत दोन्हीकडे तितकीच भरली.

"एकाच खिडकीतून येत होत्या," जेम मागून म्हणाला. "सावकाश. एकेक. आम्ही गिरणीच्या दारापर्यंत लॉरी नेली, शिपाई आत घुसले."

"आणि?"

"पाच जणांना हात वर करून खाली आणलं. चेहरे नाही दिसले, बाबा. माझ्या फटीतून पायच दिसतात." तो थांबला. "एकाच्या बुटांवर लाल ठिपके होते."

"ओले?"

"वाळलेले. रंगाचे."

कप्तान लॉरीभोवती फेरी मारून आला. पोच्यांवरून हात फिरवत तो खूश होऊन हसला.

"बघितलंत? चौदा गोळ्या, आणि एक भोकाजवळ नाही. नेमच धरता येत नाही या लोकांना."

क्वर्कने बार्टलची बाही ओढली. जेमने मान खाली घातली.

"नेम धरता येतो, साहेब," बार्टल म्हणाला.